शुक्रवारचा धूर

माझ्या सासऱ्यांचा देवावर विश्वास नव्हता, आणि स्वतःवर जेवढा होता तेवढा दुसऱ्या कशावरच नव्हता. लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "सूनबाई, या घरात उपासतापास, नवससायास काही चालत नाही. इथे प्रत्येक गोष्टीचं कारण विचारलं जातं." मी मान डोलावली. पुढे माझ्या लक्षात आलं की कारण विचारायचं ते त्यांनी, आणि सांगायचं तेही त्यांनीच. आपण मधल्या वेळात चहा ठेवायचा.

त्यांची सगळी हयात एका कारखान्यात नकाशे काढण्यात गेली होती. त्यामुळे एखादी गोष्ट कागदावर नीट उतरली की ती झालीच, असं त्यांना मनापासून वाटे. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण कागद-पेन्सिल सुटली नाही. आमच्या मोरीचा नकाशा होता, दूध उतू जाऊ नये म्हणून करायच्या यंत्राचा नकाशा होता, आणि मांजर खिडकीतून आत येऊ नये म्हणून केलेल्या जाळीचाही होता. मांजर ती जाळी लावल्यापासून दारातून येत असे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्या कशाने गेल्या हे मला सांगितलं गेलं होतं, पण तरी मला कधीकधी शंका यायची.

तो ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. गॅसचं सिलिंडर संपलं की दुसरं केव्हा येईल ते त्या गॅसवाल्यालाच ठाऊक. म्हणून आंघोळीचं पाणी गॅसवर तापवायचं नाही असा बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, कायदा होता. स्टोव्हवर तापवावं तर रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन मी उभी. माझे यजमान सकाळी उठून गार पाणी अंगावर घेत आणि 'छान वाटतं' असं म्हणत थरथरत ऑफिसला जात. बाबांना मात्र गरम पाणी लागे. तेही सकाळचा पेपर अथपासून इतिपर्यंत वाचून झाल्यावर, म्हणजे नऊच्या पुढे.

यावर उपाय निघाला तो बाबांच्या भाच्याकडून. हा भाचा मानपाड्याच्या बाजूला, एमआयडीसीत एक शेड घेऊन बसला होता. शेड चालवत होता असं मला म्हणवत नाही. आधी तो तिथे गुरांचं खाद्य करी. भुसा, पेंड असं काहीतरी यंत्रात घालायचं आणि दुसरीकडून बोटाएवढ्या कांड्या काढायच्या. ते गुरांनी खाल्लं नाही की गोठेवाल्यांनी घेतलं नाही, ते मला माहीत नाही. पण एक दिवस त्याने त्याच यंत्रात लाकडाच्या वखारीतला भुसा घातला, आणि दुसरीकडून जळणाच्या गोळ्या बाहेर पडल्या. मग त्या गोळ्या जाळायला शेगडी हवी, म्हणून त्याने शेगडीही केली. ती पहिली शेगडी घ्यायला कुणीतरी हवं होतं, आणि त्याला मामा होता.

शेगडी टेंपोतून आली. पत्र्याची चौकोनी पेटी, वर गोळ्या ओतायला नसराळं, खाली राख ओढायला कप्पा, बाजूला एक छोटा विजेचा पंखा, आणि मागे धूर जायला नळी. पेटीच्या डोक्यावर पाण्याचं पातेलं बसेल अशी जागा. गोळ्यांचं पोतं मात्र जुनंच होतं. त्यावर अजून गाईचं चित्र होतं, आणि ती आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून माझ्याकडेच बघत असे.

"मामा, एकदम टेन्शन घेऊ नका," भाचा म्हणाला. "पंखा चालू असला ना, की आग अशी मस्त लागते, धूर दिसणार पण नाही."

"आणि पंखा बंद असला तर?" मी विचारलं.

"वहिनी, बंद कशाला करायचा?" तो म्हणाला, आणि दोघे मामा-भाचे माझ्याकडे पाहून हसले.

आता धूर बाहेर काढण्याचा प्रश्न. आमची इमारत एकमजली होती. लोक तिला चाळ म्हणत, बाबा 'बिल्डिंग' म्हणत. ती बांधली तेव्हा घरोघरी चुली होत्या, म्हणून प्रत्येक स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चुलीचा ओटा आणि त्याच्या वर भिंतीतून गेलेलं धुराडं होतं. खालच्या आणि वरच्या बिऱ्हाडाचं धुराडं एकच, ते पार कौलांतून बाहेर निघालेलं. गॅस आल्यापासून त्याला काही काम उरलं नव्हतं. आमच्या ओट्यावर पिठाचे डबे असत आणि धुराड्याच्या तोंडाला जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा लावलेला होता. बाबांनी तो पुठ्ठा काढला, आत डोकं घालून वर पाहिलं आणि काळं कपाळ घेऊन बाहेर आले. "उत्तम," ते म्हणाले. "देवाने नाही, पण बिल्डरने आपली सोय केलेली आहे."

भाच्याने मात्र मान खाजवली. शेगडी विकायची असली तरी शेवटी त्याने ती स्वतः पेटवून पाहिली होती. "मामा, एक आहे. आपली नळी केवढीशी, आणि तुमचं हे धुराडं केवढं! आतून रेडकू जाईल वर. एवढ्या जागेत धूर गार पडतो आणि मग फिरत बसतो. ही नळी आतूनच डायरेक्ट कौलापर्यंत न्यायला पाहिजे."

"अरे, धुराडं म्हणजे काय?" बाबा म्हणाले. "धुराची जागा. धुराड्यात पुन्हा धुराडं घालायचं म्हणजे छत्री उघडून तिच्या आत छत्री धरण्यासारखं आहे."

"आणि वरच्या घरातलं तोंड? ते बंद आहे ना?"

"केव्हाच बुजवलंय," बाबा म्हणाले, आणि कागद काढून त्यांनी ते बुजवलेलं दाखवलं.

कागदावर ते खरंच छान बुजवलेलं होतं. प्रत्यक्षात वरच्या घरातल्या आजींच्या यजमानांनी, गॅस आल्यावर, चुलीच्या जागी देवघर केलं होतं. धुराड्याचं रुंद तोंड आयतंच कोनाड्यासारखं होतं. मागे एक फळी ठोकून, तिला पांढरा रंग देऊन, भोवती फुलांच्या टाइल्स लावून त्यांनी त्यात देव बसवले. इमारतीतल्या सगळ्या बायकांना ते देवघर पाठ होतं. बाबांना नव्हतं. ते वर जात, पुढच्या खोलीत बसून चहा पीत, राजकारणावर बोलत, पण आत देवापाशी तत्त्व म्हणून जात नसत. मी जात असे. पण मला कुणी विचारलं नाही, आणि देवांच्या पाठीमागे भिंत नसून नुसती फळी आहे, हे मलाही माहीत नव्हतं. तर अशा रीतीने त्या नळीचं टोक धुराड्यात खुपसलं गेलं, भोवतीची फट मातीने लिंपली गेली, आणि बाबांनी मला शेगडीसमोर उभं करून तिचं कार्य समजावून सांगितलं.

या आजी म्हणजे माझं डोंबिवलीतलं माहेर होतं. बाबांनी कायदा सांगितला की मी वर जाई, आणि आजी कायद्यातून वाट काढून देत. त्यांचं स्वतःचं या जगाकडे एकच मागणं होतं. या दोन खोल्यांतून आपल्याला कुणी उठवू नये. उठवायला निघाला होता त्यांचा मुलगा. तो माजिवड्याला नव्या फ्लॅटमध्ये राही. त्याच्या कारखान्याला शुक्रवारची सुट्टी, म्हणून दर शुक्रवारी तो येई, आईच्या हातचं जेवे आणि हात धुता धुता तेच बोलणं काढी. आई इथे एकटी, काही झालं तर कोण बघणार, लोक मला काय म्हणतील. आईला काय वाटतं हा मुद्दा त्याच्या यादीत मी कधी ऐकला नाही. दिवाळीनंतर न्यायचंच, असं त्याने त्या वर्षी ठरवून टाकलं होतं.

"बाल्कनीला काचा लावून त्यानं माझी खोली केलीय," आजींनी मला सांगितलं. "मी पाहून आले. कपडे धुवायचं मशीन घ्यायचंय त्यांना, तेही तिथंच ठेवणार आहेत. म्हणजे आम्ही दोघी एकमेकींना सोबत."

"मग नाही म्हणून सांगा ना," मी म्हटलं.

"अगं, त्यानं विचारलं तर नाही म्हणीन ना!"

शेगडी आली आणि पहिले काही दिवस खरंच बरे गेले. पंखा घुर्र करी, गोळ्या लालभडक होत, पाणी तापे. बाबा अंगणात जाऊन कौलांवरच्या धुराड्याकडे बोट दाखवत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत, "दिसतोय धूर?" लोक नाही म्हणत. मग शुक्रवार आला. आमच्याकडे शुक्रवारी कारखाने बंद, म्हणून विजेचीही त्या दिवशी दुरुस्ती चाले. सकाळी वीज जायची ती जायचीच. आता दर शुक्रवारी वीज जाते हे डोंबिवलीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, पण नकाशात शुक्रवार नव्हता. बाबांचा पेपर वाचून झाला, त्यांनी शेगडी पेटवली, ती चांगली धरली आणि पंखा बंद पडला. आतल्या गोळ्या विझल्या नाहीत. त्या नुसत्या धुमसत राहिल्या. बाबांनी नळीपाशी नाक नेलं. "आपल्याकडे कणभर धूर नाही," ते म्हणाले. "याला म्हणतात धुराड्याची ओढ." आणि ते टॉवेल घेऊन मोरीत शिरले.

त्याच वेळी वरून आजींची हाक आली. "अगं ए, वर ये! लवकर ये!" मी जिना चढून गेले तर आजी देवघरापुढे हात जोडून उभ्या. मधोमध देवीचा पितळी मुखवटा, आणि त्याच्या दोन्ही कानांमागून, मुकुटाच्या वरून, पांढरा धूर संथपणे बाहेर येत होता. निरांजन शांत होतं. उदबत्ती केव्हाच संपलेली. आजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"देवीनं धूप घेतला गं," त्या म्हणाल्या.

मला वास ओळखीचा वाटला, पण आजींनी सकाळी खरंच धूप घातलेला होता, आणि अशा वेळी कुणी उभं राहून वास हुंगत बसत नाही. मीही हात जोडले. शेजारच्या दोघी आल्या, त्यांनी जोडले. दुपारपर्यंत इमारत झाली, संध्याकाळपर्यंत आळी झाली. पुढच्या शुक्रवारी वीज गेली आणि देवीने पुन्हा धूप घेतला. एकीच्या लक्षातही आलं की वीज गेल्यावरच हे होतं. "पंख्या-दिव्याची कटकट थांबली की देवीला शांत वाटतं," असा तिने अर्थ लावला, आणि सगळ्यांना तो पटला. शुक्रवार हा देवीचाच वार. त्यात नवरात्र तोंडावर. आमच्या कोपऱ्यावर मासे विकायला बसणारी खाडीकडची मावशी पाटी झाकून वर गेली, ओटी भरून खाली आली आणि म्हणाली, "आगो बाय, देवी जागी हाय गो!" नवरात्रातल्या शुक्रवारी जिन्यावर रांग लागली. आमच्या दारासमोर चपलांचा असा ढीग झाला की मला दुधाचं भांडं घेऊन बाहेर पडता येईना.

बाबा संतापले. "विसावं शतक संपत आलं," ते म्हणाले, "आणि हे माझ्या डोक्यावर!" टॉर्च आणि फूटपट्टी घेऊन ते निघाले. आज या भोंदूगिरीचा निकाल लावतो म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते आजींच्या आतल्या खोलीत शिरले. बायकांनी वाट करून दिली. बाबा देवघरापाशी वाकले, टॉर्च लावला, मुखवट्यामागे पाहिलं. मग त्यांनी वास घेतला. मग पुन्हा घेतला. मी त्यांच्या बाजूलाच होते, म्हणून सांगते, त्या माणसाचा चेहरा मी कधी एवढा पडलेला पाहिला नाही. त्यांनी फूटपट्टी खिशात घातली, टॉर्च बंद केला, मागे वळून साऱ्या बायकांकडे पाहिलं, आणि देवीला नमस्कार केला. "आजोबासुद्धा वळले!" कुणीतरी म्हणालं. एका बाईला तर रडू फुटलं.

खाली येऊन ते आरामखुर्चीत बसले. मी पाणी दिलं. मला तेव्हा सगळं कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यांना कळलं होतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "समाजाच्या श्रद्धेला एकदम धक्का देणं बरं नव्हे."

मी आतल्या खोलीत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. कारण उघड होतं. बाबांनी खरं सांगायचं ठरवलं असतं, तर नळीबद्दल भाचा बरोबर होता आणि आपण चुकलो होतो, हे जिन्यावरच्या चाळीसभर बायकांसमोर सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा देव आहे असं मानणं त्यांना सोपं गेलं.

त्याच शुक्रवारी आजींचा मुलगा आला. आधीचे काही शुक्रवार त्याला येता आलं नव्हतं. जिन्यावरची रांग बघून तो आधी घाबरला. त्याला वाटलं, आईचं काहीतरी झालं. वर जाऊन पाहतो तर आई नवं लुगडं नेसून देवीपाशी पाटावर बसलेली, बायका तिच्याही पाया पडतायत. त्याने मुकाट्याने चपला काढल्या. जेवताना त्याने दिवाळीचा विषय काढला नाही. पुढच्या खेपेला तो बायकोलाही घेऊन आला. ही सून माजिवड्याहून सासूला बघायला म्हणून कधी फिरकली नव्हती. देवीला बघायला खण-नारळ घेऊन आली, आणि निघताना सासूला म्हणाली, "आई, तुम्ही आता इथून कशा हलणार! देवीला सोडून येणं बरं नाही."

आजी जिंकल्या होत्या. कुणाशी भांडण नाही, रडारड नाही. खालून येणाऱ्या भुशाच्या धुरावर त्यांची दोन खोल्यांची गादी पक्की झाली होती. मला मनातून फार आनंद झाला.

पण त्यांचा खोकला सुरू झाला होता. शुक्रवारचा धूर शनिवारी बसे, रविवारी जरा उतरे, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा छातीत जाई. डोळे तर कायमचे लाल. बायका म्हणत, भक्तीचं पाणी आहे. मी बाबांना म्हटलं, नळी कौलापर्यंत न्या, नाहीतर शुक्रवारी शेगडी पेटवू नका. नळी नेणं म्हणजे भाच्याला बोलावणं आलं. "मी शुक्रवारी गार पाण्याने स्नान करीन," बाबा गंभीरपणे म्हणाले. जणू राजीनामाच देत होते. मला हे चालण्यासारखं होतं, पण आजींना सांगितल्याशिवाय त्यांची देवी बंद करणं मला बरं वाटेना. दुपारी त्या एकट्या असताना मी वर गेले. काय बोलायचं ते मी जिन्यात घोकलं होतं. आजी, तुमची श्रद्धा आहे, पण...

"शेगडीचं सांगायला आलीस ना?" आजी म्हणाल्या.

मी उंबऱ्यातच थांबले.

"अगं, माझं माहेर सुतारांच्या शेजारी. भुसा जळतानाचा वास मला कळत नाही होय? पहिल्या दिवशी फसले. दुसऱ्या शुक्रवारी खालून तुझ्या सासऱ्यांचं 'कणभर धूर नाही' ऐकलं, आणि तिकडे देवी काळी पडत चाललेली. कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय करू? माझ्याकडं बघायला कुणी आलं असतं का? तो दर शुक्रवारी येतो नि मला सामानासारखं उचलायची भाषा करतो. आता हात जोडून बसतो बघ कसा. दिवाळी जाऊ दे. एकदा का नाही नेत म्हणाला, की मग बंद कर तुझी शेगडी." बोलता बोलता त्यांना खोकल्याची उबळ आली. मी पाठ चोळली. "खोकला माझा आहे," त्या म्हणाल्या. "तो मी बघते. तू शुक्रवारचं तेवढं चुकवू नकोस."

मला सगळ्यांचाच राग आला. त्या मुलाचा, त्या बाल्कनीचा, त्या फळीचा. स्वतःच्या घरात राहायला मिळावं म्हणून म्हाताऱ्या बाईने धूर गिळायचा, ही काय रीत झाली? पण मी खाली आले आणि बाबांना सांगितलं की शुक्रवारी गरम पाण्यानेच आंघोळ करायची. त्यांनी कारण विचारलं नाही. त्या शुक्रवारी वीज गेल्यावर मोरीतून त्यांचा आवाज आला, "सूनबाई, थोड्या ओलसर गोळ्या टाक. म्हणजे... चांगलं होतं." देवीसाठी त्यांनी केलेली ही एवढीच सेवा, पण ती मनापासून होती.

दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी मुलगा आला तो गाडी करून. बरोबर बायको. मला वाटलं, झालं, आता नेतो. मी मागोमाग वर गेले. आजींच्याही मनात तेच आलं असावं, कारण त्या देवघराची चौकट धरून उभ्या होत्या. धूर नुकताच येऊन गेला होता. मुलगा बराच वेळ घसा खाकरत राहिला.

"आई," तो म्हणाला, "आम्ही ठरवलंय. तुला इथून हलवायचं नाही. तुझं मन इथे रमलंय."

आजींच्या हातातली चौकट सुटली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत असं हसू मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"फक्त देवी आम्ही नेतो म्हणतोय," मुलगा म्हणाला. "सोसायटीतल्या सगळ्यांना दर्शन होईल. हिने हॉलमध्ये जागापण केलीय. संगमरवरी चौरंग आणलाय."

"हॉलमध्ये," आजी म्हणाल्या.

"एकदम मधोमध. सोफा हलवला आम्ही." सून म्हणाली.

आजींनी त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. खाली शेगडी आहे रे बाबा. मी ते वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं पाहिलं. ते बोललं असतं तर देवी राहिली असती, आणि मग त्यांचं स्वतःचं नेणं पुन्हा सुरू झालं असतं. त्यांनी तोंड मिटलं. कपाटातून आपल्या लग्नातल्या शालूचा तुकडा काढला, मुखवटा चिंचेने घासून लख्ख केला, पुसला आणि तान्ह्या मुलाला गुंडाळावं तसा त्या तुकड्यात गुंडाळून मुलाच्या हातात दिला. त्याने तो मांडीवर घेतला. गाडी ओटीच्या नारळांनी आणि फळांच्या करंड्यांनी भरून गेली. "सांभाळून रे," आजी जिन्यातून म्हणाल्या. "हो आई, धरलंय घट्ट," तो म्हणाला, आणि गाडी निघून गेली. वर येऊन त्या खाटेवर बसल्या. मी चहा केला. "बरं झालं की नाही?" मी विचारलं. "राहिलात ना तुम्ही?"

"राहिले," आजी म्हणाल्या. "त्यानं सोफा हलवला गं."

मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. इतके दिवस तो त्यांना न्यायला येत होता, आणि त्या मनातून नको नको म्हणत होत्या, आणि ते नको म्हणणं हे त्यांचं ऐश्वर्य होतं. ते मला तेव्हा कळलं. आता कुणी न्यायला येणार नव्हतं. त्याची आईबद्दलची जबाबदारी देवीने आपल्या अंगावर घेतली होती.

पुढच्या शुक्रवारी, सवयीने, शेगडी पेटली. वीज गेली. रिकाम्या देवघरातून धूर आला, आणि जिन्यावर कुणी नव्हतं. बायकांना बातमी लागली होती की देवी माजिवड्याला गेली. आजींनी वरूनच मला सांगितलं, "बंद कर बाई आता." दुसऱ्या दिवशी बाबांनी आपणहून भाच्याला बोलावलं. नळी आतून थेट कौलापर्यंत गेली, आजींच्या देवघरामागची फळी काढून तिथे विटा बसल्या. भाचा 'मी बोललो होतो ना' एकदाही म्हणाला नाही, कारण बाबांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की ही सुधारणा आपल्याला सुचली आहे.

मग एका शुक्रवारी मुलाचा फोन आला. आजींकडे फोन नव्हता, आमच्याकडे होता. दिवाळी होऊन गेली होती आणि तो स्वतः आला नव्हता. मी आजींना हाक मारली. त्या जिना उतरून आल्या, केस सारखे केले, पदर नीट केला, आणि दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला. तिकडचा आवाज एवढा मोठा होता की मला भाजी निवडता निवडता सगळं ऐकू येत होतं. देवी धूप घेत नाही. सोसायटीतले लोक येतात आणि तसेच परत जातात. आमचं काही चुकतंय का, नैवेद्य कुठला दाखवायचा, सोवळं किती पाळायचं, तू काय करायचीस ते सांग.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. बाबांनी पेपर खाली ठेवला होता. आता त्या सांगणार असं मला वाटलं, आणि सांगावं असं फार वाटलं.

"तिला जरा वेळ दे रे," आजी म्हणाल्या. "नवी जागा आहे. माणसं ओळखीची नाहीत. एवढ्यात करमायचं नाही तिला. तिच्यापाशी बसत जा थोडा वेळ. बोलत जा काहीतरी."

तिकडून तो काहीतरी बोलत राहिला. घाईत होता.

"हो, हो," आजी म्हणाल्या. मग, त्याने विचारलं नव्हतं तरी, त्या म्हणाल्या, "मी बरी आहे."

तिकडून फोन केव्हाच ठेवला गेला होता.